शोभेच्या कांद्यांचा वाफा आणि इतर मिळकत

मी, खाली सही करणारी, कवळ्या बनवण्याच्या धंद्यातून निवृत्त झालेली अविवाहित बाई, हे मृत्युपत्र माझ्याच घरात, माझ्याच टेबलाशी बसून, माझ्याच हाताने लिहीत आहे. माझे नाव, वय आणि पत्ता वकीलबाईंनी वरच्या पानावर छापून आणले आहेत आणि ते बरोबर आहेत. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला मागे जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला आजची तारीख विचारली. मी सांगितली, आणि ती खरी आहे का हे पाहायला त्यांनाच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळावे लागले. कोणी माझ्यावर दबाव आणलेला नाही. माझ्या भावाने प्रयत्न केला होता, पण त्याला दबाव म्हणणे म्हणजे त्याचे कौतुक केल्यासारखे होईल.

यापूर्वी मी कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही. केल्याचे कोणी दाखवले तर ते खोटे समजावे.

१. घर. माझे राहते घर, म्हणजे रस्त्याकडची कामाची खोली, मधले स्वयंपाकघर, मागची झोपायची खोली आणि तिच्यामागचा जमिनीचा पट्टा, हे सगळे माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीला द्यावे. ही माझी भाची लिफ्टदुरुस्तीचे काम करते. बहीण गेल्यापासून घराची दुसरी किल्ली तिच्याकडे असते. ती न विचारता येते, न विचारता गळका नळ दुरुस्त करते आणि जाताना एवढेच म्हणते, "मावशी, ओरडू नकोस, झालंय काम." तिला घर विकायचे असेल तर तिने खुशाल विकावे. माझ्या आठवणीसाठी ओलसर भिंती सांभाळत बसू नये. फक्त ती इथे राहील तोवर मागच्या पट्ट्यावर फरशी घालू नये.

हे लिहायचे कारण माझा धाकटा भाऊ. त्याला तिथे गाडी लावायची होती. "कांद्यांसाठी कुणी एवढी जागा अडवतं का?" असे तो मला माझ्याच दारात उभा राहून म्हणाला. मी विचारले, "तुझ्या गाडीला फूल येतं का?" तो रुसला आणि पुढे बरेच दिवस फिरकला नाही. घरात त्याचा वाटा नाही, ही गोष्ट त्याला ठाऊक आहे. त्याला आईचा उभा आरसा द्यावा. लहानपणी तो त्याच्यापुढे तोंडे वेडीवाकडी करत तासन्‌तास उभा राहायचा. आता त्याच आरशात स्वतःला पाहून त्याला काय वाटेल ते वाटो. मला तो तसाच, तोंडे करणारा आठवतो, आणि त्या मुलाशी माझे कधीच भांडण नव्हते.

२. हत्यारे. माझी पॉलिशची मोटर, मेणाच्या सुऱ्या, जबड्याचे साचे बसवायच्या पितळी चौकटी आणि दातांच्या रंगांच्या पट्ट्या पुलापलीकडच्या कवळीवाल्याला द्याव्यात. हा माणूस जन्मभर माझा प्रतिस्पर्धी होता. त्याच्या कवळ्या बोलताना खट्‌खट् वाजतात असे मी गिऱ्हाइकांना सांगत असे. माझ्या कवळ्या घातल्या की माणूस घोड्यासारखा दिसतो असे तो सांगत असे. आम्ही दोघेही थोडेफार खरे बोलत होतो. बाजारात समोरासमोर आलो की दोघेही भाजीकडे बघायचो. एवढ्या वर्षांत आम्ही एकदाही एका टेबलावर चहा घेतला नाही. खरे तर या गावात मेण किती ऊन झाले की हात लावायचा, याबद्दल बोलण्यासारखी आम्ही दोनच माणसे होतो. पितळी चौकटी त्याने वापराव्यात, मोडीत घालू नयेत.

३. बँकेतल्या ठेवीतून माझ्या अंत्यविधीचा खर्च करावा आणि उरेल ते भाचीने घ्यावे. विधी साधा करावा. भाषणे नकोत. माझ्या तोंडातली कवळी मी स्वतः केलेली आहे, ती काढू नये.

४. मागचा वाफा. हे कलम लांबणार आहे. वकीलबाई म्हणाल्या, "एवढं सगळं लिहायची गरज नाही, कुणाला काय द्यायचं तेवढं लिहा." पण कोणाला का द्यायचे हे कळले नाही तर लोक आपल्या मनाने कारणे लावतील, आणि त्यापेक्षा मी लांबण लावलेले बरे.

या वाफ्यात शोभेचे कांदे आहेत. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी: कंद जमिनीत, पाने लसणीच्या पातीसारखी, चिरले तर डोळ्यांना पाणी आणणारे. पण उन्हाळा लागताना मधून एक सरळसोट दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला जांभळा चेंडू उमलतो. जवळून पाहिले तर त्या चेंडूत शेकडो बारीक चांदण्या असतात आणि प्रत्येक चांदणीवर एक माशी हक्क सांगत असते. फूल यायच्या वेळेलाच खालची पाने पिवळी पडतात. ती मेली असे समजून कापायची नाहीत. ती वाळत असतानाच कंद पुढच्या वर्षाचे खाणे साठवून घेतो.

पहिल्या वर्षी मी आणलेले कंद सगळे सडले. आमची माती चिकट. मी एकेक कुजका कंद उपटून बादलीत टाकत होते, तेव्हा कुंपणापलीकडून आवाज आला.

"बाई, पाण्यात बसवलंत तुम्ही त्यांना. खाली वाळू घाला."

हे घड्याळजी. शेजारच्या घरात नुकतेच राहायला आले होते. बायको जाऊन बराच काळ लोटला होता, मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला. पुढच्या खोलीत दुरुस्तीचे दुकान. भिंतीवर घड्याळे, आणि एकाचीही वेळ दुसऱ्याशी जुळत नसे. मी एकदा विचारले तर म्हणाले, "ती लोकांची आहेत. माझं हातावर आहे, ते बरोबर चालतं."

त्यांनी वाळू आणून दिली. मी ती मातीत मिसळली, कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल खड्डे घेतले, आणि पुढच्या उन्हाळ्यात माझ्याकडे जांभळे चेंडू डुलू लागले. त्यांच्याकडे दुसरी जात होती, बुटकी, रुंद, रुपेरी झाक असलेली. कुंपणाला एक फळी सैल होती. ती आम्ही काढून टाकली, कारण सारखे फिरून पुढच्या दाराने जाणे दोघांनाही जड व्हायला लागले होते. लोक काय म्हणाले ते मला माहीत आहे. त्यांनी म्हणण्यासारखे काही घडत नव्हते, एवढेच मला त्या लोकांना सांगायचे आहे. घडले असते तर मलाही बरे वाटले असते.

त्या दोन जातींचा संकर करायची कल्पना त्यांची. एके सकाळी ते डोळ्याला भिंग लावून, घड्याळाचा चिमटा घेऊन, माझ्या उंच फुलापुढे स्टुलावर बसले आणि चांदणीतले केसर एकेक करून उपटू लागले. इतक्या हळुवारपणे की फूल हललेही नाही. मग त्यांच्या रुपेरी फुलाचे पराग मी रंगाच्या बारीक कुंचल्याने लावले. दातांना रंगाची झाक देताना मी तोच कुंचला वापरत असे. माशा येऊ नयेत म्हणून माझा जुना पायमोजा कापून त्या फुलावर चढवला. ते म्हणाले, "बाई, फुलाला थंडी वाजत होती म्हणून सांगा कुणी विचारलं तर." आम्ही इतके हसलो की भाची आत काम करत होती ती बाहेर पाहायला आली.

काळे, कोपरे असलेले बी धरले. ते कुंड्यांत पेरून हिवाळाभर उघड्यावर ठेवायचे असते, दहिवर खाल्ल्याशिवाय ते उगवत नाही. वसंतात गवताच्या पात्यासारखे एकेक बारीक पान वर आले. बस, तेवढेच. दुसऱ्या वर्षी तेच पान, जरा जाड. ज्यांना घाई असते त्यांनी हा उद्योग करू नये. बियापासून फुलापर्यंत पाच-सहा वर्षे तरी जातात.

याच वर्षांत कधीतरी आमच्यात लग्नाचा विषय निघाला. सरळ नाही निघाला. मी त्यांच्या घरच्या जिन्याला कठडा नाही याबद्दल बोलत होते आणि ते म्हणाले, एका घराला कठडा लावला म्हणजे पुरे, दुसऱ्या घराची गरजच काय. मी समजले. मग असे ठरले की आधी फूल येऊ दे, मग बघू. पुढे तो आमचा नेहमीचा विनोदच झाला. पाऊस पडला की, गारा पडल्या की, गोगलगायींनी पात खाल्ली की, आम्ही म्हणायचो, "गेलं लग्न एक वर्ष पुढे."

चौथ्या हिवाळ्यात त्यांचा गुडघा गेला. ऑपरेशन मुलाच्या शहरात करायचे ठरले. "दोन महिन्यांत येतो," म्हणाले. रोपांची आम्ही वाटणी केली. अर्धी कंदुले माझ्या वाफ्यात लावली आणि अर्ध्या कुंड्या ते मुलाच्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून घेऊन गेले, स्वतः पुढे पाय लांब करून. "तिकडे बाल्कनीत बघू कुणाचं आधी येतं," म्हणाले. गाडी वळली तेव्हा मला फक्त मुलाची मान दिसत होती.

सुरुवातीला फोन येत. मग कमी झाले. मुलगा म्हणाला की बाबांना इथे बरे वाटते आहे. दुकानावर भाड्याची पाटी लागली. मी वाट पाहिली. दुसरे काय करणार होते मी? वाट पाहणे हेच तर तोपर्यंत आमचे काम होते.

पुढच्या एका उन्हाळ्याच्या तोंडाशी, माझ्या वाफ्यात, आमच्या संकराला पहिले फूल आले. उंची माझ्या जातीची, रुंदी आणि चांदी त्यांच्या जातीची. त्याच्याएवढे देखणे फूल मी आजवर पाहिलेले नाही. मी हात धुतले, केस विंचरले, आणि फोन लावला. फोन करायला केस कशाला विंचरले ते मला विचारू नये.

एका बाईने उचलला. आवाज खणखणीत, स्वच्छ.

"नमस्कार, कोण बोलतंय?"

मी म्हटले, "घड्याळजी आहेत का?"

"ते जरा खाली गेलेत. मी त्यांची पत्नी बोलतेय. काही निरोप?"

मी म्हटले, "घड्याळ दुरुस्तीला टाकलं होतं. त्याचं विचारायचं होतं." आणि फोन ठेवला.

मग मी मागे जाऊन वाफ्याशी बसले. फूल तिथेच होते. त्याला काही माहीत नव्हते. त्यानंतर दरवर्षी ते उमलले, कंद वाढून एकाचे चार झाले, चाराचे दहा झाले, रोपवाटिकेचा मालक दोनदा विकत मागायला आला आणि दोनदा मी त्याला दारातूनच परत पाठवले. घड्याळजी काही आले नाहीत. मीही पुन्हा फोन केला नाही.

५. घड्याळजी वारले त्याला आता काही वर्षे झाली. मला पत्र नाही, निरोप नाही. कळले ते असे: शरदातल्या एका दुपारी दारावर टकटक झाली. दारात एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई, कडेवर मूल घ्यावे तशी एक कुंडी घेऊन उभी. तोंड उघडल्याबरोबर मी आवाज ओळखला.

"ताई, मी टेलिफोन खात्यात होते," ती म्हणाली. "आवाज विसरत नाही मी. घड्याळाचं विचारलं होतं ते तुम्हीच ना?"

मी तिला आत घेतले. तिला वहिनी म्हणायला माझी जीभ वळेना, म्हणून मी तिला टेलिफोनबाई म्हणू लागले. तिला ते चालले, आजही चालते. तिने कुंडी माझ्या या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "हे जाताना म्हणाले, याला जप. मी जपलं हो. उन्हाळाभर सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. पण काही वरच येत नाही. यात काही आहे का, बघा ना."

मी वर्तमानपत्र पसरून कुंडी उलटी केली. आम्ही दोघींनी बोटांनी माती चाळली. रिकामी साले निघाली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आणि आत लगदा. उन्हाळ्यात हे कंद झोपलेले असतात. त्यांना तेव्हा पाणी नको असते. ती प्रेमाने पाणी घालत गेली आणि ते आत आत कुजत गेले.

"काय झालं?" तिने विचारले.

खोटे बोलावेसे वाटले, पण तिने दोन गाड्या बदलून ती कुंडी आणली होती. मी खरे ते सांगितले. ती रडली. आवाज न करता रडली, एवढ्या आवाजाची बाई.

मग चहा झाला. मी विचारले, "त्या फोनचं त्यांना सांगितलं होतं का तुम्ही?"

"सांगितलं ना. म्हटलं, एका बाईंचा फोन होता, घड्याळाचं विचारत होत्या. तर म्हणाले, कुठलं घड्याळ? संध्याकाळभर बाल्कनीत कुंड्यांपाशी बसले होते. जेवायला आले नाहीत. मला काही सांगितलं नाही तेव्हा. पुढे आजारात सांगितलं. म्हणाले, मी तिला विचारणार होतो, पण तिचं एकच, आधी फूल येऊ दे."

मी कप खाली ठेवला. "मी नव्हते म्हणत तसं. तेच म्हणायचे."

"ते म्हणायचे, ताई म्हणायच्या."

मी आठवून पाहिले. त्या दिवशी पाहिले, नंतरही पाहिले, आजही हे लिहिताना पाहते आहे. कठड्याचे बोलणे आठवते. त्यांच्या हातातली झारी आठवते. पण ते वाक्य आधी कोणाच्या तोंडून निघाले ते मला खरोखर आठवत नाही. त्याला मी त्यांची इच्छा समजून मान देत राहिले. त्यांनीही माझ्याबाबतीत तेच केले असणार. दोघेही एकमेकांचा शब्द पाळत होतो आणि तो शब्द बहुधा कोणाचाच नव्हता.

शेवटी मी तिला विचारले, "मग तुमचं कसं जमलं?"

ती जरा ओशाळली. "मी खालच्या मजल्यावर राहायचे. गुडघ्यासाठी त्यांना रोज जिना चढवायचे, उतरवायचे. एक दिवस जिन्यातच विचारलं. म्हटलं, माझ्याशी लग्न करता का? ते म्हणाले, हो. मग वर गेलो आणि चहा केला."

इतके सोपे होते ते. मी कितीतरी वर्षे कुंपणाची फळी काढून त्यांच्या दारात जात होते, आणि जिना तर त्यांच्या त्या घरातही होता. तिचा मला राग यावा असे मला वाटत होते. पण आला नाही. आला तो नुसता पश्चात्ताप, आणि तो कोणावर काढावा ते कळेना.

६. तेव्हापासून टेलिफोनबाई वर्षातून दोनदा येते, फुलांच्या वेळी आणि कंद काढायच्या वेळी. मला आता वाकवत नाही. मी खुर्चीत बसून सांगते, ती खणते. ती खूप बोलते. ते घोरत कसे, त्यांना मीठ किती कमी लागे, हे मला तिच्याकडून कळले. त्यांना केसर उपटताना तिने कधी पाहिले नव्हते, ते तिला माझ्याकडून कळले. असे करून आम्ही दोघींनी मिळून एक माणूस बऱ्यापैकी पुरा केला आहे. तो हयात असताना आमच्यातल्या कोणाकडेच तो पुरा नव्हता, याचे मला वाईट वाटते. त्याहून वाईट याचे वाटते की ही बाई मला वीस वर्षे आधी भेटती तर तिच्याशी माझी मैत्री झाली असती, आणि मग तिने मला सांगितले असते, "ताई, विचारून टाका की."

घड्याळजींचे भिंग आणि चिमटा इथेच राहिले होते. ते त्यांच्या मुलाला द्यावेत. त्याच्याबद्दल माझी तक्रार होती. आता नाही. बापाला बरे वाटते आहे असे तो म्हणाला होता, आणि ते खरेच होते.

७. ~~वाफ्यातले आमच्या संकराचे सर्व कंद माझ्या मृत्यूनंतर टेलिफोनबाईला द्यावेत.~~

कलम सात खोडले आहे. खोडण्याचे कारण असे: आज सकाळी सह्यांसाठी वकीलबाई आल्या. साक्षीदार म्हणून मी टेलिफोनबाई आणि कोपऱ्यावरचा बेकरीवाला या दोघांना बोलावले होते. वकीलबाईंनी कलमे वाचली आणि मान हलवली.

"यांची सही चालणार नाही. मृत्युपत्रात ज्यांना काही मिळतं त्यांनी साक्षीदार होऊ नये. झाल्या तर त्यांना दिलेलं रद्द होतं. एक काहीतरी निवडा. कंद किंवा सही."

मी म्हटले, "मग सही बेकरीवाल्याची आणि भाचीच्या मैत्रिणीची घेऊ. कंद टेलिफोनबाईला."

टेलिफोनबाई म्हणाली, "नको. सहीच करते मी. ताई, तुमच्या माणसांत माझं नाव असू दे एका कागदावर."

"आणि कंद?"

"तुम्ही गेल्यावर कशाला?" ती म्हणाली. "खुरपं कुठाय?"

कंद अजून झोपेत आहेत, मुळे सुटायची आहेत, काढायला हाच महिना योग्य. मी तिला हो म्हटले. वकीलबाई घड्याळ पाहत होत्या. बेकरीवाल्याने चपला काढून ठेवल्या आणि तोही वाफ्यात उतरला. अर्धे कंद काढले, तिच्या इमारतीच्या दाराशी ऊन येणारा मातीचा तुकडा आहे तिथे लावण्यासाठी. अर्धे घराबरोबर भाचीचे. काढलेले कंद मी माझ्या हयातीत, माझ्या हाताने, टेलिफोनबाईच्या पिशवीत घातलेले आहेत. सबब ते आता माझी मिळकत नाहीत आणि या मृत्युपत्राचा त्यांच्याशी संबंध उरलेला नाही.

एवढे लिहून मी थांबते. वर लिहिले ते मी वाचून पाहिले, ते माझ्या मनासारखे आहे.

ठिकाण: माझ्या घराची मागची खोली, खिडकी उघडी
तारीख: सप्टेंबरचा तिसरा शनिवार, दुपार

(सही) लिहून ठेवणारी, कवळीवाली

साक्षीदार पहिला: मी, कोपऱ्यावरचा बेकरीवाला. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत, मला दोनदा रागावल्या. (सही)

साक्षीदार दुसरी: मी, टेलिफोन खात्यातून निवृत्त, घड्याळजींची बायको. ताईंनी माझ्यासमोर सही केली आणि मी त्यांच्यासमोर करते आहे. मला या कागदातून काहीही मिळत नाही. खालच्या कोपऱ्यात मातीचा डाग पडला आहे, तो माझ्या अंगठ्याचा आहे. ती खाडाखोड समजू नये. (सही)